सरकारी हायस्कुलातील लेखणी आणि कानस



उत्सवाच्या दिवशी देवाच्या पालखीला खांदा देण्यासाठी महाजनांत चढाओढ लागते. परंतु ती पालखी ज्या सुताराने घडविली, तिचा दांडा ज्याने तोलून बसविला आणि तिच्यावरील रुप्याचा पत्रा ज्याच्या हातोडीखाली वळणदार झाला, त्यांची नावे देवस्थानच्या वहीत सहसा सापडत नाहीत. वहीत नाव असते ते पालखी अर्पण करणाऱ्याचे. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. वही लिहिणारे लेखणीचे लोक होते, आणि लेखणीला लेखणीचेच माणूस लवकर दिसते, एवढाच त्याचा अर्थ.

महाजन कुटुंबांचा इतिहास हा बव्हंशी लेखणीचा इतिहास आहे. सोळाव्या शतकात कुलदेवतांना जुनी स्थाने सोडून नदीपलीकडे न्यावे लागले. त्यानंतर घाट चढून बेळगाव, शहापूर, खानापूर, निपाणी या मुलुखांत जी घराणी येऊन राहिली, त्यांनी जमाखर्च, वकिली, शिक्षकी, पेढी आणि व्यापार यांवर आपला संसार उभा केला. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील अनेक हिंदू कुटुंबांनी इंग्रजी शिक्षणासाठी आपली मुले बेळगाव, धारवाड आणि मुंबईकडे धाडली. विद्येने या समाजाला तारले, हे निर्विवाद आहे. तथापि ज्या विद्येने तारले, तीच काय ती विद्या, असा समज त्यातूनच रुजला. कागदावरची विद्या श्रेष्ठ आणि हातातली विद्या कनिष्ठ, हा भेद घराघरांत न बोलता पाळला गेला. सीमाभागातील सरकारी हायस्कुलाचा विचार करताना प्रथम या भेदाचा विचार केला पाहिजे. कारण हायस्कुलाचे पुष्कळसे भवितव्य शाळेच्या इमारतीत नव्हे, तर पालकांच्या ओसरीवर ठरते.

बेळगाव शहरातील सरदार्स हायस्कूल आणि शहापुरातील चिंतामणराव हायस्कूल ही दोन नावे या भागात सर्वांच्या परिचयाची आहेत. पहिल्याच्या नावात दक्षिण महाराष्ट्रातील सरदारांची आठवण आहे. दुसऱ्याच्या नावात सांगलीच्या पटवर्धन राजघराण्याची आठवण आहे. कारण शहापूर हे संस्थाने विलीन होईपर्यंत सांगली संस्थानात मोडत होते. बेळगाव आणि शहापूर यांच्यामधून चालत जाणारा विद्यार्थी एके काळी ब्रिटिश मुलुखातून संस्थानी मुलुखात जात असे. राज्ये बदलली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले आणि २०१४ साली शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. पाट्या बदलल्या, क्रमिक पुस्तके बदलली, परीक्षा मंडळ बदलले. परंतु सरकारी हायस्कुलाचा दरवाजा ज्यासाठी उघडा ठेवलेला असतो, तो हेतू बदललेला नाही. ज्याच्या बापापाशी देणगी देण्यास पैसा नाही आणि शिफारशीस ओळख नाही, त्याच्यासाठी हा दरवाजा आहे. खाजगी संस्थांनी या भागात मोठे कार्य केले आहे, हे मान्य करूनही असे म्हटले पाहिजे की, शेवटच्या मुलाला नकार न देण्याचे बंधन सरकारी शाळेवरच सर्वांत अधिक असते.

अशा शाळेने मुलाला काय द्यावे? केवळ उत्तीर्णतेचा दाखला, की त्याबरोबर एखादे कसबही? हा प्रश्न नवा नाही. १८८२ साली नेमलेल्या हंटर आयोगाने माध्यमिक शिक्षणाच्या वरच्या टप्प्यावर दोन वाटा सुचविल्या होत्या. एक विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेकडे जाणारी आणि दुसरी व्यापार व इतर व्यावहारिक उद्योगांकडे नेणारी. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्धा येथे भरलेल्या परिषदेत हस्तोद्योगाभोवती सारे शिक्षण गुंफण्याचा विचार महात्मा गांधींनी मांडला. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळांची कल्पना पुढे आणली आणि तांत्रिक, व्यापारी, कृषी, गृहविज्ञान, ललित कला असे अनेक गट सुचविले. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाचा आग्रह धरला. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात कर्नाटकात दहावीनंतरच्या पदवीपूर्व टप्प्यावर व्यवसायाभिमुख अभ्यासक्रम सुरू झाले. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने उच्च माध्यमिक टप्प्यावरील शंभरांतील पंचवीस विद्यार्थी १९९५ पर्यंत व्यवसाय शिक्षणाकडे वळावेत, असे ठरविले. २०२० च्या धोरणाने तर २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा परिचय घडावा, असे उद्दिष्ट ठेवले आणि सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांच्या सहवासात काढावेत, असेही सुचविले.

सुमारे एकशे चाळीस वर्षे दर पिढीला तीच सूचना नव्या शब्दांत करावी लागली. सूचना करणारे विद्वान होते आणि आज्ञा काढणारे समर्थ होते. मग अडले कोठे? याचे उत्तर बेळगावच्याच भूमीवर एकदा मिळून गेले आहे. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधी ज्याचे अध्यक्ष होते, असे ते एकमेव अधिवेशन. टिळकवाडीच्या परिसरात आजही त्या वेळची विहीर दाखविली जाते. त्या अधिवेशनात सभासदत्वासाठी चार आण्यांच्या ऐवजी दरमहा २,००० वार सूत द्यावे, या नियमावर शिक्कामोर्तब झाले. हाताने काम न करणाऱ्या सुशिक्षितांच्या हाती टकळी यावी, हा त्यामागील उदात्त हेतू होता. परंतु पुढच्याच वर्षी तो नियम ऐच्छिक करावा लागला. हाताच्या कामाविषयीचा आदर नियमाने निर्माण होत नाही, हा त्यातील बोध होय. शाळेच्या वेळापत्रकात कार्यशाळेचा तास घालता येतो; त्या तासाला मान मात्र घरातूनच यावा लागतो.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे अगत्याचे आहे. हस्तव्यवसायाचे गोडवे गाणारे बहुधा आपल्या मुलांना डॉक्टर आणि इंजिनिअर करतात, आणि सुतारकाम दुसऱ्याच्या मुलाला सुचवितात. हा आक्षेप खोटा नाही. ज्या समाजात जन्माने व्यवसाय ठरत आला, तेथे चांभाराच्या मुलाला चामड्याचे आणि कुंभाराच्या मुलाला चाकाचे शिक्षण देऊ करणे म्हणजे जुनीच बेडी नव्या मुलाम्याने देणे होय. म्हणूनच व्यवसाय शिक्षण हे मागे पडलेल्यांचे निराळे दालन होता कामा नये. ते त्याच छपराखाली, त्याच बाकावर, पहिल्या क्रमांकाच्या आणि शेवटच्या क्रमांकाच्या मुलाला सारखेच मिळाले पाहिजे. महाजनांच्या मुलाने कानस धरली आणि कारागिराच्या मुलाने बीजगणितात प्रावीण्य मिळविले, तरच ते शिक्षण. एरवी ती केवळ वर्गवारी.

लेखणीच्या घरातून कानशीकडे गेलेल्या माणसाचे उदाहरण शोधण्यास बेळगावबाहेर जाण्याचे कारण नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. पुस्तकी अभ्यासापेक्षा त्यांचे मन चित्रांत आणि यंत्रांत रमे. वडीलबंधू रामूअण्णा यांच्या पाठिंब्याने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. परंतु काही रंग नीट ओळखता येत नसल्याने रंगकाम सोडावे लागले आणि ते यांत्रिक रेखाकामाकडे वळले. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी अध्यापन केले. पुढे बेळगावात बंधूंसमवेत सायकलींच्या दुकानातून सुरुवात करून त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर बनविला. शेतकरी प्रथम तो नांगर घेण्यास धजत नव्हता, तरी त्यांनी धीर सोडला नाही. बेळगावातील जागा सोडण्याची वेळ आली तेव्हा औंधच्या अधिपतींनी आश्रय दिला आणि १९१० साली कुंडल स्टेशनजवळ किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावातील किर्लोस्कर रोड हे नाव आजही त्या प्रारंभाची साक्ष देते.

या चरित्रातून एक गोष्ट विशेष ध्यानी घ्यावी. लक्ष्मणरावांचे रेखाकामाचे शिक्षण आणि त्यांच्या हातचे कौशल्य या दोन वाटा नव्हत्या. कागदावरील रेषा अचूक आली म्हणून लोखंडातील नांगर नीट आला. जो एका रंगाच्या परीक्षेत मागे पडला, त्याला दुसरे दालन उघडे मिळाले म्हणून एक कारखानदार घडला. आज सरकारी हायस्कुलात गणितात अडखळणारा किंवा भाषेत मागे पडणारा मुलगा दहावीच्या उंबरठ्यावर अडला, तर त्याला दुसरे दालन कोण दाखविणार?

बेळगावच्या उद्यमबागेत आणि आसपास ओतकामाचे कारखाने व यंत्रशाळा आहेत. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वितळवून वाळूच्या साच्यात ओतले आणि ते थंड झाले की सुमारे एक टक्का आकसते. म्हणून साचा ज्यावरून उठवायचा तो लाकडी नमुना आधीच तेवढा मोठा करावा लागतो. ५०० मिलिमीटर लांबीचा भाग हवा असेल तर नमुना सुमारे ५०५ मिलिमीटरचा हवा. पोलादाच्या ओतकामात हीच वाढ सुमारे दोन टक्के धरावी लागते. फळ्यावर शेकडेवारी शिकताना ज्या मुलाला झोप येते, त्याच मुलाला फौंड्रीच्या दारात उभे करून हा हिशेब विचारला, तर शेकडेवारी त्याला जन्मभर विसरता येणार नाही. देवघरातील पितळेची समईही अशाच एखाद्या ओतकामातून आलेली असते. शहापूर आणि वडगाव येथील विणकराच्या मागावर ताण्याचे धागे मोजणे हा गुणाकारच आहे. खानापूरला खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाचे शिक्षण देणारी संस्था आहे. तेथील भट्टीत मातीचा रंग का पालटतो, हा रसायनशास्त्राचाच धडा आहे. तात्पर्य, व्यवसाय शिक्षणाने पुस्तकी शिक्षण पातळ होते, ही भीती निराधार आहे. नीट शिकविले तर एक दुसऱ्याला घट्ट करते.

आता सीमाभागाची खास अडचण पाहावी. कर्नाटकाच्या एस. एस. एल. सी. परीक्षेत प्रथम भाषेला १२५ आणि इतर पाच विषयांना प्रत्येकी १००, असे एकूण ६२५ गुण असतात. ज्या शाळांत व्यवसाय शिक्षणाचे विषय आहेत, तेथे माहिती तंत्रज्ञान, मोटार दुरुस्ती, किरकोळ विक्री, सौंदर्यसेवा यांसारखा विषय तिसऱ्या भाषेच्या जागी घेता येतो. इतर जिल्ह्यांतील मुलाला हा बदल सोयीचा वाटतो. परंतु मराठी ही प्रथम भाषा घेणाऱ्या मुलाचे काय? राज्यातील व्यवहारासाठी, नोकरीसाठी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बरोबरीने वागण्यासाठी त्याला कन्नड हवी. पुढील शिक्षणासाठी आणि यंत्रावरील सूचना वाचण्यासाठी त्याला इंग्रजी हवी. तिसऱ्या भाषेच्या जागी कसबाचा विषय बसविला, की या दोहोंपैकी एकीला त्याने निरोप द्यायचा! मातृभाषा सोडावी तर घर दुरावते, कन्नड सोडावी तर गाव दुरावते, इंग्रजी सोडावी तर जग दुरावते. ज्या मुलाला कसबाची सर्वांत अधिक गरज, त्यालाच त्यासाठी सर्वांत अधिक किंमत मोजावी लागते.

या पेचावर तोड नाही असे नाही. कसबाचा विषय भाषेच्या ऐवजी न ठेवता भाषांच्या जोडीने, शाळेच्या वेळेपूर्वी, नंतर किंवा सुटीत शिकविता येईल. कार्यशाळेतील शब्दांचा एक लहानसा कोश मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत सिद्ध करता येईल. तसे पाहिले तर हत्यारांना भाषेचे वावडे नसते. सुपारी कातरण्याचा अडकित्ता हा शब्द मराठीत कन्नडमधूनच आला. अण्णा आणि अक्काही तेथूनच आले. लेथ आणि वेल्डिंग हे शब्द तर दोन्ही भाषांनी मुळीच न भांडता सारखेच स्वीकारले आहेत. सीमेवरील वाद न्यायालयात आणि विधिमंडळात ज्याला त्याला चालवू द्यावेत. कार्यशाळेतील बाकावर मात्र मराठी आणि कन्नड मुलगा एकाच शेगड्यात लोखंड धरून बसू शकतो.

निपाणीकडे वळले की आणखी एक चित्र दिसते. निपाणी ही तंबाखूची पेठ. तेथील कित्येक घरांत आई सकाळी विडीचे पान कातरते, तेव्हा शाळेत जाणारी मुलगी शेजारी बसून दोरा गुंडाळते. त्या मुलीच्या बोटांत जी चपळाई आणि जो अचूकपणा असतो, तो पाहून कोणीही थक्क व्हावे. हात कुशल आहेत. परंतु त्या कुशलतेला शाळेच्या दाखल्यात जागा नाही, आणि त्या कुशलतेतून पुढे जाण्याची वाटही नाही. विडी कामगारांच्या कामाच्या अटींसाठी १९६६ साली आणि कल्याण निधीसाठी १९७६ साली कायदे झाले. त्या निधीतून कामगारांच्या मुलांसाठी शिष्यवृत्तीची योजनाही आली. ही मदत मोलाची आहे. परंतु शिष्यवृत्ती मुलीला शाळेत ठेवते, तिला पुढे काय येईल हे शाळेनेच ठरवावे लागते. त्याच चपळ बोटांना शिवणयंत्र, विद्युत जुळणी, प्रयोगशाळेतील काम किंवा संगणक देणारे हायस्कूल तिला मिळाले, तर तंबाखूच्या धुळीतून तिची सुटका तिच्याच हातांनी होईल.

निपाणीच्या वेशीला लागून असलेले अर्जुननगर हे कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात आहे, आणि तेथील देवचंद महाविद्यालयात सीमेच्या दोन्ही अंगांचे विद्यार्थी शिकत आले आहेत. एका राज्यात राहून दुसऱ्या राज्यात शिकणे हा तेथे रोजचाच व्यवहार. अशा मुलाला एका मंडळाचा दाखला दुसऱ्या मंडळात दाखवावा लागतो, आणि कधी कधी दाखल्याच्या भाषेवरूनच त्याची उमेद खचते. परंतु ज्याला वायरिंग नीट करता येते, त्याने पेटविलेला दिवा कोणत्या राज्यात पेटला, हे कोणी विचारीत नाही. कसब हा असा दाखला आहे की ज्याला सीमेवर शिक्का लागत नाही.

महाजन संस्थांनी यात काय करावे, हा शेवटचा आणि महत्त्वाचा प्रश्न. बहुतेक देवस्थानांत दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो. नव्वद टक्क्यांवरील मुलांना नारळ, शाल आणि पाकीट मिळते. ही प्रथा स्तुत्यच आहे. परंतु त्याच व्यासपीठावर दहावीनंतर आय. टी. आय. मध्ये जाणाऱ्या मुलाचा, पॉलिटेक्निकमध्ये जाणाऱ्या मुलीचा, किंवा १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात उमेदवारी करणाऱ्या तरुणाचा सत्कार का होऊ नये? ज्या दिवशी टाळ्यांचा आवाज दोघांसाठी सारखा होईल, त्या दिवशी कोणत्याही आयोगाला पुन्हा तीच सूचना करावी लागणार नाही.

दुसरी गोष्ट अशी की, शिष्यवृत्ती केवळ आपल्या कुळातील मुलांपुरती न ठेवता तिचा एक वाटा जवळच्या सरकारी हायस्कुलाच्या कार्यशाळेसाठी ठेवावा. एखादा शेगडा, कानशींचा एक संच, मोजमापाची चांगली साधने, शिवणयंत्र, यांस फार मोठी रक्कम लागत नाही. आणि अशा वस्तू वर्षानुवर्षे शेकडो हातांखालून जातात. तिसरी गोष्ट म्हणजे ज्या महाजन कुटुंबांचे स्वतःचे कारखाने, गॅरेज, छापखाने किंवा दुकाने आहेत, त्यांनी शाळेच्या मुलांना वर्षातून काही दिवस आपल्या कामाच्या जागी येऊ द्यावे. धोरणात लिहिलेले दप्तराविना दहा दिवस हे अशा दारांवाचून कागदावरच राहतील. चौथी गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत कठीण आहे. घरातील मुलाने पुस्तक बाजूला ठेवून बिघडलेला पंखा उघडला, तर त्याला रागावू नये.

सरकारी हायस्कुलाची इमारत साधी असते. तिच्या भिंतींना वेळेवर चुना लागत नाही, आणि तिच्या मैदानावर मुलांइतकीच गुरेही दिसतात. परंतु आपल्या गावातील सर्वांची म्हणता येईल अशी फार थोडी स्थळे उरली आहेत. एक देवालयाचे अंगण आणि दुसरे सरकारी शाळेचे. देवालयाच्या अंगणात ज्याप्रमाणे नैवेद्य करणारा, फुले आणणारा, चौघडा वाजविणारा आणि मंत्र म्हणणारा या सर्वांवाचून पूजा पुरी होत नाही, त्याप्रमाणे शाळेच्या अंगणातही लेखणी आणि कानस या दोहोंवाचून शिक्षण पुरे होत नाही.

देवस्थानच्या पुढील जीर्णोद्धाराची वही जेव्हा लिहिली जाईल, तेव्हा दात्याच्या नावाखालच्या ओळीत सुताराचे, लोहाराचे आणि ओताऱ्याचेही नाव असावे. ते नाव एखाद्या महाजनाच्याच नातवाचे असले, तर कुलदेवतेला त्यात उणे वाटणार नाही.